मेनफ्रेम शंभर टक्के व्यस्त, पण थांबतेय कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मेनफ्रेमचे, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या मध्यवर्ती संगणकाचे, प्रोसेसर १०० टक्के व्यस्त असले तरी काही बिघडत नाही, अशी समजूत संगणक विभागांत घट्ट रुजली आहे. ती अर्धीच खरी आहे. मागे राहिले तरी चालेल असे बॅचचे (गठ्ठ्याने, मागाहून उरकायचे) काम भरपूर असेल आणि वर्कलोड मॅनेजरमध्ये (कोणत्या कामाला आधी प्रोसेसर द्यायचा हे ठरवणाऱ्या भागात) ऑनलाइन व्यवहारांना वरचे महत्त्व दिलेले असेल, तर यंत्र पूर्ण क्षमतेने चालवण्यात शहाणपणच आहे. पण रांगेत ऑनलाइन व्यवहारच ताटकळत असतील, तर तोच आकडा धोक्याचा.

रांगेचे गणित कठोर असते. कामे अनियमित अंतराने येत असतील, तर एकाच प्रोसेसरवर ५० टक्के वापराला प्रतिसादाचा वेळ प्रत्यक्ष कामाच्या दुप्पट होतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. दोन प्रोसेसर असतील तर ९० टक्क्यांना साधारण सव्वापाच पट. प्रोसेसर वाढतात तशी ही चढण उशिरा लागते, म्हणून मोठे यंत्र जास्त वापर सोसते. मात्र त्याच यंत्रावरचा छोटा एलपार (यंत्राचा स्वतंत्र संगणकासारखा चालणारा भाग) हे मोठेपण गृहीत धरू शकत नाही.

समजा, यंत्रात १० प्रोसेसर आहेत आणि तीन एलपारना ६००, ३०० आणि १०० असे वेट (प्रोसेसरच्या वाटणीतले वजन) दिले आहे. तिसऱ्याचा हक्क एका प्रोसेसरचा, पण त्याला लॉजिकल प्रोसेसर (एलपारला आपले म्हणून दिसणारे प्रोसेसर) दिलेत ४. शेजारी निवांत असतात तोवर तो चार प्रोसेसरांचे काम खुशाल उपसतो. शेजारी भरले की त्याची क्षमता पाव होते, आणि ‘आमच्याकडे तर काहीच बदलले नाही’ ही तक्रार सुरू होते. ती खरीही असते! हायपरडिस्पॅच (कामे ठरावीक प्रोसेसरांवर एकवटणारी सोय) बंद असेल तर चारही लॉजिकल प्रोसेसरांच्या वाट्याला पाव-पाव वेळ येतो. लॉक (सामायिक डेटावरचा तात्पुरता ताबा) धरलेला प्रोसेसर नेमका बाजूला काढला गेला, तर बाकीचे त्या लॉकसाठी फुकट गरगरत राहू शकतात.

याहून कमी ओळखले जाणारे नुकसान कॅशचे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीचे. गर्दीत एकाच्या जागी दुसऱ्याचे काम वारंवार चढते, आधीचा डेटा कॅशमधून बाहेर पडतो आणि तो पुन्हा दूरच्या मेमरीतून आणावा लागतो. म्हणजे व्यवहार नुसता थांबत नाही, तोच व्यवहार प्रोसेसरचा जास्त वेळ खातो. वापर वाढला की प्रत्येक कामाचा खर्च वाढतो आणि त्याने वापर आणखी वाढतो. हायपरडिस्पॅच कामे शक्यतो त्याच प्रोसेसरवर ठेवून हे नुकसान कमी करतो. पण वेट चुकीचे असेल तर तोही हक्काबाहेरची क्षमता आणणार कुठून?

झेड/व्हीएमवर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणाऱ्या प्रणालीवर) लिनक्स चालत असेल तर वाटणी दोनदा होते. अशा आभासी, पाहुण्या यंत्राचा सापेक्ष शेअर (वाटणीतले वजन) १०० असेल आणि त्याला ४ व्हर्च्युअल प्रोसेसर असतील, तर प्रत्येकाला २५च मिळतो. हळू चालते म्हणून व्हर्च्युअल प्रोसेसर वाढवले आणि शेअर तोच ठेवला, तर प्रत्येकाचा वाटा आणखी घटतो. लिनक्सच्या ‘टॉप’ या आज्ञेने दिसणारा ‘एसटी’ हा आकडा इथे सर्वांत आधी पाहावा. काम तयार होते, पण प्रोसेसर मिळाला नाही, तो वेळ तिथे दिसतो.

सरासरीवरही विसंबू नये. १५ मिनिटांत १२ मिनिटे १०० टक्के आणि ३ मिनिटे शून्य, तरी अहवालात ८० टक्केच छापले जाते. आरएमएफ या मोजमाप साधनाच्या प्रोसेसर अहवालात ‘एलपार बिझी’ आणि ‘एमव्हीएस बिझी’ (एमव्हीएस ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचावेत. पहिला ६० आणि दुसरा १०० असेल, तर ऑपरेटिंग सिस्टिमला काम करायचे आहे, पण खालून प्रोसेसर मिळत नाही. सोबत तयार कामांची रांग पाहावी.

नवे प्रोसेसर मागण्याआधी हे तपासावे, असा आमचा आग्रह आहे. वेट यंत्र चालू असतानाच बदलता येते. मात्र एकाचे वाढले की दुसऱ्यांचा हक्क तेवढा घटतो, म्हणून सगळ्या एलपारच्या मालकांना एकत्र बसवूनच तो आकडा ठरवावा. लॉजिकल प्रोसेसर हक्कापेक्षा एक-दोनच जास्त ठेवावेत.

आपले,
मेनफ्रेम क्षमता-नियोजनात काम करणारे वाचक