सीनूस, आण्णांच्या हृदयाविषयी

सोलापूर
४ जानेवारी

प्रिय सीनू,

परवा तू दवाखान्याच्या जिन्यातून फोन केलास. मागं कुणीतरी नंबर पुकारत होतं आणि मी "अरे, हृदयाच्या रक्तवाहिन्या वेगळ्या असतात" एवढंच बोलून थांबलो. पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. "मल्लू, हृदय म्हणजे रक्ताचीच पिशवी ना? मग रक्तानं भरलेल्या आण्णांच्या हृदयाला रक्त कमी कसं पडलं?" अठरा वर्षं विज्ञान शिकवतोय, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर सरळ मटणाच्या दुकानात गेलो. "बकऱ्याचं हृदय द्या, वरच्या नळ्या कापू नका" म्हटलं, तर दुकानदारानं आधी काळीज उचललं. आपल्या भाषेचं हे मला फार आवडतं बघ. भीतीनं धडधडतं ते काळीज, आणि दुकानात मागितलं की हातात पडतं यकृत. युरोपातले वैद्यही गॅलेन या जुन्या ग्रीक वैद्याचं ऐकून सुमारे चौदाशे वर्षं असंच काहीसं मानायचे, की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरभर जाऊन तिथंच खर्ची पडतं. १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्यानं नुसता गुणाकार केला. एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं, अर्ध्या तासात ठोके किती. उत्तर अख्ख्या अंगातल्या रक्ताहून जास्त आलं. एवढं नवं रक्त कुठलं यकृत आणणार? म्हणजे तेच रक्त फिरून येतंय. धमन्यांतून ते शिरांत नेमकं कसं उतरतं, ते मात्र त्याला दिसलं नाही. तो १६५७ मध्ये गेला आणि १६६१ मध्ये माल्पिघी या इटालियन शास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अगदी बारीक नळ्या, दिसल्या. चारच वर्षं रे. दर वर्षी हा धडा शिकवताना मला हळहळ वाटते.

आपलं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त ढकलतं. दिवसाचे सात हजार लिटर झाले, म्हणजे आमच्या गच्चीवरच्या टाकीसारख्या सात टाक्या. नळाला पाणी यायची दिवस-दिवस वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला हा आकडा वेगळा समजवावा लागत नाही.

घरी ताटात ठेवून ते हृदय उभं चिरलं. आपल्या पुस्तकात वरच्या कप्प्यांना कर्णिका आणि खालच्यांना जवनिका म्हणायचे, आता अलिंद आणि निलय म्हणतात. कप्पे तेच चार. उजव्या निलयाची भिंत पातळ, कारण त्याला रक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं. डाव्याची भिंत चांगली जाड, दाबली तर रबरासारखी. ते रक्त डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जायचं असतं. आत झडपेला बांधलेले पांढरे दोरे दिसले, आण्णांच्या मागावरच्या ताण्याच्या सुतासारखे तंग. झडप उलटी फिरू नये म्हणून ते तिला धरून ठेवतात.

मग महाधमनीत, म्हणजे डाव्या निलयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत, वरून पाणी ओतलं. तळाशी तीन छोटे खिसे आहेत, ते पाण्यानं फुगले, एकमेकांना चिकटले आणि पाणी वरच थांबलं. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह जे काम करतो तेच हे. पाणी ओतून टाकून मी धमनी कात्रीनं उघडली, आणि तुझं उत्तर तिथं होतं. त्या खिशांच्या अगदी वर, भिंतीत दोन बारीक भोकं. एकात अगरबत्तीची काडी घातली तर ती आडवी वळून चरबीखालून हृदयाच्या बाहेरच्या अंगानं गेली. याच करोनरी धमन्या.

कप्प्यातलं रक्त भिंतीत मुरत नाही, सीनू. आतला अगदी पातळ थर सोडला तर एवढ्या जाड स्नायूला त्याचा काही उपयोग नाही. हृदय आधी सगळं रक्त बाहेर पाठवतं आणि मग या दोन भोकांतून आपला वाटा परत घेतं. आण्णांची बंद पडली ती डाव्या धमनीची पुढून खाली उतरणारी शाखा. डॉक्टर तिला एलएडी म्हणतात. डाव्या निलयाची पुढची भिंत आणि मधल्या पडद्याचा बराच भाग तिच्यावर जगतो. आता तिथं स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसवलीय. ती वाट उघडी ठेवेल.

आणखी एक गोष्ट आण्णांना नक्की सांग, त्यांना पटेल. डावा निलय आवळतो तेव्हा भिंतीतल्या त्याच्या स्वतःच्या धमन्याही चेपल्या जातात. त्याला रक्त मिळतं ते मुख्यतः तो सैल पडल्यावर. मिनिटाला पंचाहत्तर ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात आवळणं सुमारे ०.३ आणि सैल पडणं ०.५. ठोके वाढले की जास्त कपात होते ती या सैल वेळेची. त्यांना जी ठोके संथ करणारी गोळी दिलीय, ती हा वेळ वाढवते. लहानपणी चालत्या मागाजवळ तेलाची बुधली नेली म्हणून आण्णांनी माझ्या हातावर चापट मारली होती, आठवतं? "माग थांबू दे, मग तेल," म्हणाले होते. गोळी चुकवू लागले तर त्यांना त्यांचंच वाक्य ऐकव.

मंगळवारी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट मिळाला की त्यातला इजेक्शन फ्रॅक्शनचा आकडा मला फोनवर वाचून दाखव. डावा निलय एका ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते तो सांगतो. निरोगी माणसाचाही तो शंभर नसतो बे, साधारण ५५ ते ७० असतो, कारण निलय कधीच पूर्ण रिकामा होत नाही. त्यामुळं पंचेचाळीस लिहिलेलं दिसलं तर अर्ध्याहून जास्त हृदय गेलं असं समजून अम्मांसमोर रडत बसू नकोस. आधी मला फोन कर, मग डॉक्टरांना नीट विचार.

गड्ड्याची, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेची, तयारी सुरू झालीय. या वर्षी आण्णांना गर्दीत आणू नकोस. शेंगाची चटणी पाठवतोय, आईनं मीठ मुद्दाम कमी घातलंय.

तुझा,
मल्लू