पेन ड्राइव्ह म्हणजे रॅम नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कित्येक मराठी शाळा व गावोगावची वाचनालये माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या जुन्या संगणकांवर काम भागवतात. हे संगणक संथ झाले की ‘पेन ड्राइव्ह लावा, रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) वाढेल’ असा सल्ला मोबाइलवर फिरू लागतो आणि वर्गणीतून मोठ्या क्षमतेचे पेन ड्राइव्ह विकत घेतले जातात. हा पैसा बहुतेक ठिकाणी वाया जातो, म्हणून हे पत्र.

या सल्ल्यामागे विंडोजच्या ‘व्हिस्टा’ या आवृत्तीबरोबर २००७ साली घरोघरी पोहोचलेली ‘रेडीबूस्ट’ ही सोय आहे. हार्ड डिस्कवर विखुरलेले छोटे तुकडे वाचताना तिच्या सुईला प्रत्येक वेळी जागा बदलावी लागते व त्यात वेळ जातो. पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा भागच नसल्याने तेच तुकडे लवकर हाती येतात, म्हणून विंडोज त्यांची एक प्रत तेथे ठेवते. मूळ माहिती हार्ड डिस्कवरच असते, त्यामुळे पेन ड्राइव्ह मध्येच काढला तरी ती जात नाही. रॅम मात्र होती तेवढीच राहते. ५१२ एमबी किंवा १ जीबी रॅमच्या त्या काळातील संगणकांना या सोयीचा थोडाफार उपयोग होत असे. ज्या संगणकात विंडोज एसएसडीवर (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, फिरणारा भाग नसलेली वेगवान डिस्क) आहे, तेथे तर पेन ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधील रेडीबूस्टच्या पानावर विंडोज स्वतःच सांगते, की हा संगणक पुरेसा वेगवान असल्याने या सोयीचा आणखी लाभ होण्याची शक्यता नाही.

शाळेच्या कार्यालयात निकालपत्रक उघडताना संगणकाच्या डब्यावरचा डिस्कचा लहान दिवा सतत पेटलेला दिसतो आणि टास्क मॅनेजरमध्ये (संगणकावरील कामाचा ताण दाखवणारी विंडोजची खिडकी) ‘डिस्क’खाली शंभर टक्के हा आकडा हलत नाही, तेव्हा अडचण हार्ड डिस्कची असते. अशा संगणकात एसएसडी बसवली, की चालू होण्यापासून फाइल उघडण्यापर्यंतचा फरक कोणालाही सांगावा लागत नाही. मेमरीचा आकडा भरलेला दिसत असेल, तर रॅम वाढवावी. परंतु रॅमच्या पट्ट्यांचे प्रकार असतात आणि डीडीआर३ या प्रकाराच्या जागी डीडीआर४ ची पट्टी बसत नाही, त्यामुळे डबा उघडून प्रकार आणि रिकामी जागा पाहिल्याखेरीज खरेदी करू नये. ही तपासणी बेळगावातील कोणताही जाणता दुरुस्तीवाला करून देईल.

शाळा सुधारणा समित्यांना आणि देणगीदारांना माझी कळकळीची विनंती आहे, की यापुढे संगणकासाठी निधी देताना पेन ड्राइव्हऐवजी एसएसडी व रॅम यांचे लेखी दरपत्रक मागवावे. पेन ड्राइव्ह आधीच घेतले असतील, तर त्यांवर विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांची आणि दाखल्यांच्या नोंदींची दुसरी प्रत ठेवावी, कारण जुनी हार्ड डिस्क कधी बंद पडेल याचा नेम नसतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, खानापूर