किडनी माझी, शुगर त्याची

संपादक साहेब, नमस्कार,

तुमच्या पेपरात किडनी ट्रान्सप्लांटच्या बातम्या येतात, बहिणीने भावाला किडनी दिली, ऑपरेशन यशस्वी, हसरा फोटो, आणि बातमी तिथेच संपते. आमच्याकडे खरी गंमत त्यानंतर सुरू झाली म्हणून हे लिहितेय.

भावाला मी किडनी दिली. क्रिएटिनिन (किडनी किती चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) मस्त खाली आलं, सगळे खूश, आणि चौथ्या महिन्यात त्याला चक्क डायबेटिस निघाला, जो आधी कधीच नव्हता. नातेवाईकांचा पहिला प्रश्न काय, तर "देणाऱ्याला शुगर होती का गं?" माझ्यासमोर! अहो, डोनरची शुगर आधी नीट तपासतात, आणि किडनीबरोबर डायबेटिस पार्सल होऊन येत नाही.

येतो तो बऱ्याच अंशी औषधांमुळे, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये (त्यालाच रिजेक्शन म्हणतात) म्हणून घ्यायच्या औषधांमुळे. टॅक्रोलिमस म्हणजे पेशंट लोक ज्याला नुसतं टॅक्रो म्हणतात ते, त्याने पॅनक्रियाजमधून इन्सुलिन कमी सुटतं, आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड, त्याने जे सुटतं तेही अंगाला नीट लागत नाही. वर डायलिसिसमध्ये मेलेली भूक परत येते आणि वजन वाढतं. आणखी एक म्हणजे किडनी इन्सुलिन मोडून टाकते, फेल झालेली किडनी ते काम धड करत नव्हती, नवी करते. म्हणजे माझ्या किडनीचा थोडा दोष आहेच म्हणायचा 😄

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. आम्हाला ते कळलंच नाही. त्याला खूप तहान लागायची, रात्री चारचार वेळा उठायचा. आता ज्या माणसाने दोन वर्षं पाणी मोजून प्यायलं आणि ज्याला लघवी जवळजवळ होतच नव्हती, त्याच्या घरचे हे बघून काय म्हणणार? किडनी काय झकास चालतेय! आम्ही अक्षरशः आनंदाने सगळ्यांना सांगत होतो.

आणि रिपोर्टही साथ देत होते, कारण दर व्हिजिटला फक्त उपाशीपोटीची शुगर व्हायची, ती ९८, १०२ अशी नॉर्मल. स्टेरॉईड सकाळी घेतात, त्यामुळे साखर दुपारी-संध्याकाळी चढते आणि रात्रीत उतरते, सकाळी बघाल तर काहीच सापडत नाही. एकदा संध्याकाळी सहज शेजाऱ्यांच्या ग्लुकोमीटरवर बघितली तर २६८. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी टेस्ट असते पण ट्रान्सप्लांटनंतर सुरुवातीचे काही महिने तिच्यावरही फार विसंबता येत नाही, अ‍ॅनिमिया असतो, रक्त चढवलेलं असतं, आकडा खोटाच कमी दिसू शकतो. ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात ती टेस्ट जास्त भरवशाची, २०० च्या वर गेली की डायबेटिस धरतात. केडिगो या किडनीच्या आजारांवर गाईडलाईन काढणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या गाईडलाईनमध्ये पहिले चार आठवडे दर आठवड्याला, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा शुगर तपासा असं आहे. आम्हाला डिस्चार्जच्या वेळी ढीगभर कागद दिले, त्यात शुगरचा शब्द नव्हता.

हे कळल्यावर भाऊ नेटवर वाचून टॅक्रो बंद करायला निघाला होता. मी ओरडलेच त्याच्यावर, शुगर इन्सुलिनने आटोक्यात येईल पण रिजेक्शन आलं तर दुसरी किडनी आणायची कुठून, माझ्याकडे आता एकच आहे! डॉक्टरांनी रक्तातली टॅक्रोची लेव्हल बघून त्याचा डोस थोडा कमी केला, सुरुवातीला इन्सुलिन दिलं, आता गोळ्यांवर भागतंय.

तर पुढच्या वेळी अशी बातमी छापाल तेव्हा फोटोखाली दोन ओळी टाका, की दुपारच्या जेवणानंतरची शुगरपण बघत जा, आणि तहान वाढली तर किडनीचं कौतुक करायच्या आधी ग्लुकोमीटर काढा.

तुमची वाचक,
एक डोनर बहीण