तिकिटं काढली आहेत, आता नाही म्हणू नका

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगितलं असतं तर आई पहिल्याच वाक्याला "कशाला एवढा खर्च" म्हणाली असती आणि बाबा तिच्या हातात फोन देऊन अंगणात निघून गेले असते. म्हणून इथून, इंग्लंडमधल्या लीड्सहून पत्र. मे महिन्याच्या शेवटी वाफेच्या गाडीनं ब्रिटनभर फिरायची नऊ दिवसांची सहल आहे. आपल्या तिघांची तिकिटं मी काढली आहेत. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. दादाला सगळं माहीत आहे. तुळशीला पाणी आणि देवपूजा वहिनी बघणार आहे, ते तिनं स्वतःहून सांगितलं. आणि आई, आषाढीच्या आत तू घरी असशील. ती तारीख आधी पाहिली आणि मगच बाकीचं ठरवलं.

पुढच्या वर्षी बघू, असं तुम्ही म्हणाल. बाबा, गुडघ्यावरून मी हे म्हणत नाहीये. तुमच्या गुडघ्यांची मला काळजी आहेच, पण घाई इंजिनांमुळे आहे. वेल्समधली फोस-य-व्हरान ही मोठी कोळसा खाण २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हापासून इथल्या इंजिनांना चांगला कोळसा बाहेरून आणावा लागतो. बॉयलरचं सर्टिफिकेट फार तर दहा वर्षांचं. ते संपलं की आतल्या नळ्या, म्हणजे ट्यूबा काढून सगळं खोलायचं, आणि त्याचा खर्च किती येतो ते इंजिनांवर काम केलेल्या तुम्हाला मी काय सांगू! वर लंडनहून उत्तरेला जाणाऱ्या मुख्य मार्गावर बाहेरचे सिग्नल काढून ते ड्रायव्हरच्या कॅबमध्ये आणायचं काम चालू आहे. ती यंत्रणा बसवलेली नसेल त्या जुन्या इंजिनाला त्या रुळांवर जाता येणार नाही. आज चालतंय ते पाच वर्षांनी असंच चालेल, याची खात्री कोणी देत नाही.

आता आईच्या काळजीचं आधी सांगते. रात्री गाडीत झोपायचं नाही. रोज संध्याकाळी गाडी एखाद्या गावाला थांबते, तिथे हॉटेलात आपली खोली. गरम पाणी, स्वच्छ पलंग, आणि तुला खालच्या मजल्यावरची किंवा लिफ्टजवळची खोली हवी, हे मी लेखी कळवलंय. गाडीत समोरासमोर गाद्यांच्या सीटा आणि मधे टेबल. आपली जागा शेवटपर्यंत तीच, रोज धावपळ नाही. डबे १९५० च्या दशकातल्या बनावटीचे, मार्क वन म्हणतात त्यांना. एसी नसतो, पण हीटर असतो आणि खिडकीचा वरचा भाग सरकवून वारा घेता येतो. संडास डब्याच्या टोकाला, कमोडचा आणि अरुंद. पाण्याची बाटली पिशवीत ठेव, तिथे नुसता कागद असतो. काही ठिकाणी फलाट बुटका आहे आणि पायरी उंच पडते, तिथे गाडीतली माणसं लाकडी स्टूल लावून देतात. ते लावेपर्यंत उतरायचं नाही. बाबा, हे तुमच्यासाठीही आहे.

जेवणाचं म्हणशील तर शाकाहारी मिळतं, पण इथल्या शाकाहारात अंडं धरतात. म्हणून "अंडं नाही, मासा नाही" असं वेगळं लिहून दिलंय आणि निघायच्या आधी पुन्हा विचारीन. तरी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेऊन ये, ती विमानातून आणता येते. तूप, पेढे, खव्याचं काही आणू नकोस. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून इथे आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात आणि मग तुझा जीव हळहळेल. ताजा कढीपत्ताही नको. चहा दिवसभर मिळतो. फिका असतो, पण साखर वेगळी देतात आणि दूध जास्त मागता येतं.

बाबा, आता तुमच्यासाठी. कुठल्या दिवशी कुठलं इंजिन, ते आधी नक्की नसतं, आयत्या वेळी बदलतं. पण डोळे मिटून बसलात तरी तुम्हाला कळेल. ब्लॅक फाइव्ह जातीचं इंजिन लागलं तर दोन सिलिंडर, चाकाच्या एका फेऱ्याला वाफेचे चार ठोके, आपल्या कुर्डुवाडीच्या इंजिनांसारखेच. टॉर्नेडोसारखं मोठं इंजिन असेल तर तीन सिलिंडर, फेऱ्याला सहा ठोके, आवाज मऊ आणि सलग. हे टॉर्नेडो जुनं नाही. ब्रिटिश रेल्वेनं १९६८ च्या ऑगस्टमध्ये मुख्य मार्गांवरची वाफ बंद केली, आणि त्यानंतर चाळीस वर्षांनी, २००८ मध्ये, लोकांनी वर्गणी काढून हे डार्लिंग्टनला नवं बांधलं. बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेनच्या कारखान्यातून आणला, पूर्ण वेल्डिंगचा, रिव्हेट नाहीत. हे वाचून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला इथे दिसतंय.

घाट भरपूर आहेत. डेव्हनमध्ये न्यूटन ॲबटच्या पुढे डेन्टनचा चढ काही ठिकाणी ३६ ला १ आहे, ३६ फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणजे आपल्या बोरघाटाइतकाच कडक. साध्या मुलखात एवढा चढ का ठेवला, असं तुम्ही विचारालच. ब्रुनेल या इंजिनिअरनं ती लाईन आखली तेव्हा इंजिनाशिवाय गाडी ओढायचा बेत होता. रुळांच्या मधे नळ घालायचा, ठिकठिकाणच्या पंपघरांनी त्यातली हवा काढायची आणि वरच्या फटीतून गाडीला जोडलेल्या दट्ट्यानं गाडी पुढे जायची. इंजिनाचं वजन नाही, मग चढाची भीती कशाला! पण नळाच्या फटीवरची चामड्याची झडप कडक होऊन तडकायची, हवा आत शिरायची आणि पंप नुसते धापा टाकायचे. १८४८ मध्ये ते सगळं मोडीत काढलं. चढ मात्र तसेच राहिले आणि तेव्हापासून कोळसा टाकणाऱ्या फायरमनांच्या नशिबी आले. वाटेत या चढाच्या आधी डॉलिश लागतं, तिथे रूळ अगदी समुद्राच्या भिंतीवरून जातात. २०१४ च्या वादळात ती भिंत फुटून रूळ हवेत लोंबकळत होते. जाताना समुद्र डाव्या हाताला, आईची खिडकी त्या बाजूला मागितली आहे.

उत्तर इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल हा माझ्या मते सगळ्यात चांगला दिवस. सुमारे २४ किलोमीटर जवळजवळ सलग १०० ला १ चढ. आकडा ऐकून तुम्हाला किरकोळ वाटेल, पण दहा-बारा डब्यांची गाडी घेऊन दम न खाता चढायचं असतं. आग पातळ पण पांढरी ठेवावी लागते. एकदम कोळसा लोटला तर धूर होतो आणि प्रेशर पडतं, क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला थर, धरला तर हवाच लागत नाही. त्यात पाऊस आला की चाकं घसरतात, मग वाळू सोडतात. वर रिबलहेडचा २४ कमानींचा पूल आहे. त्याचा दर सहावा खांब मुद्दाम जाड बांधलाय, एक कमान गेली तरी सगळा पूल ओढला जाऊ नये म्हणून.

स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमहून मॅलेगला जाताना डाव्या बाजूला बसायचं. ग्लेनफिननचा २१ कमानींचा पूल वळणावर आहे, त्यामुळे पुढचं इंजिन खिडकीतूनच दिसतं. तो १९०१ च्या सुमाराचा, सळई न घालता नुसत्या काँक्रीटचा. मॅलेगला इंजिन फिरवायचं टर्नटेबल नाही, येताना इंजिन उलटं, टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा डबा, पुढे करून येतं. पुढे ड्रमॉख्टरची ४५२ मीटरची खिंड आहे, ब्रिटनच्या मुख्य रेल्वेतली सगळ्यात उंच जागा. तिथे मे महिन्यातही स्वेटर लागतो. आणि फोर्थच्या खाडीवरचा पूल, १८९० चा, अडीच किलोमीटर. सुमारे ६५ लाख रिव्हेट आहेत, बाबा. सगळे तापवून ठोकलेले.

पाण्याची सोय आता जुन्यासारखी राहिली नाही. मोठ्या टेंडरमध्ये पाच हजार गॅलन मावतं आणि मैलाला साधारण चाळीस गॅलन लागतं. म्हणून दर शंभरेक मैलांवर गाडी थांबते आणि टँकरला पाइप लावून पाणी भरतात. अर्धा-पाऊण तास जातो. फलाटावर थांबली तर तोच तुमचा वेळ. खाली उतरा, इंजिनाजवळ जा, माणसांशी बोला, ती आनंदानं बोलतात. ड्रायव्हर-फायरमन उभे असतात त्या फुटप्लेटवर मात्र चढू देत नाहीत, नियम कडक आहे. विचारूही नका, ते नाही म्हणाले तर मला सहन होणार नाही. मागे डिझेल इंजिन लावलेलं दिसेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. वेळ सांभाळायला आणि डब्यांना वीज द्यायला ते लागतं. बरेच दिवस पाऊस नसेल तर ठिणग्यांनी रुळांकडेचं गवत पेटतं, म्हणून एखाद्या दिवशी वाफच बंद ठेवतात. तसं झालं तर आपण खिडकीतून शेतं बघू. उशीरही होतो. नेहमीच्या गाड्यांना वाट द्यायला आपल्याला बाजूच्या लाईनवर उभं करतात. आई, म्हणून रात्रीच्या गोळ्या आणि थोडं खाणं तुझ्या हातातल्या पिशवीत हवं, मोठ्या बॅगेत नको.

खिडकीतून डोकं बाहेर काढायचं नाही. दोघांनीही. पूल आणि सिग्नलचे खांब अगदी जवळून जातात, आणि डोळ्यात निखाऱ्याचा कण गेला तर दिवस जातो. चष्मा घालून बसा. आई पदर ओला करून तुमचा डोळा पुसायची आणि मी बाजूला उभी राहून रडायचे, ते पुन्हा नको. तुमच्या खाकी शर्टाला तेलाचा आणि कोळशाचा वास यायचा. पंढरपूरच्या छोट्या गाडीत मी त्याच शर्टावर डोकं ठेवून झोपायचे आणि आई म्हणायची, पोरीचं तोंड काळं होतंय. होऊ दे, असं तुम्ही म्हणायचात.

सहल संपली की तुम्ही पंधरा दिवस लीड्सला माझ्याकडे. बार्शी लाईटची, म्हणजे आपल्या त्या पंढरपूरच्या छोट्या गाडीची, पहिली इंजिनं इथल्याच किटसन कंपनीनं बनवली. ती लाईन बांधणाऱ्या कॅल्थ्रॉपनं ती जहाजावर चढवायच्या आधी इथल्या न्यूलेला रूळ टाकून चालवून दाखवली होती. कारखाना राहिला नाही, पण तो होता ती हंसलेटची वस्ती घरापासून लांब नाही, चालत नको, टॅक्सीनं नेईन.

आता कामं. बाबा, तुमची आणि आईची पासपोर्टची पहिली पानं दादाकडून स्कॅन करून घ्या, व्हिसाचा फॉर्म मी भरते. विम्यात आईचं बीपी आणि तुमचा गुडघा दोन्ही खरं लिहायचं, लपवलं तर वेळेला पैसे देत नाहीत. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, औषधाचं मूळ नाव लिहिलेली, आणि गोळ्या त्यांच्या पाकिटातच ठेवा, डबीत काढू नका. इथलं घड्याळ तेव्हा साडेचार तास मागे असेल, बीपीच्या गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून आणा. मुंबई विमानतळावर दोघांसाठी व्हीलचेअर सांगितली आहे. बाबा, त्यात बसायचं. चालता येतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण तिथलं चालणं फार लांब आहे आणि मला तुमचे पाय फलाटांसाठी शिल्लक हवेत. नवे बूट आत्ताच घ्या आणि महिनाभर घालून चाला. रबरी तळाचे, नाडीचे नकोत. सामान एकेक छोटी बॅग, उचलणार मी आहे. आई, नऊवारी आणलीस तरी चालेल, पण उंच पायरीसाठी एक-दोन पंजाबी ड्रेस ठेव, वहिनी शिवून देईल.

आणि होकार मला फोनवर नको, दादाला सांगा की पासपोर्ट कपाटातून काढलेत. तेवढं पुरे.

तुमची,
छोटी