सीटी स्कॅनच्या खोलीतल्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

फुफ्फुसाचा दुर्मीळ आजार ओळखला गेला की आभार डॉक्टरांचे मानले जातात. पण नवी मुंबईत तुम्ही काढलेले एचआरसीटी (फुफ्फुसाचे बारकावे दाखवणारे सीटी स्कॅन) आमच्याकडे वाचायला येतात, आणि त्या निदानात तुमचा वाटा किती मोठा आहे ते आम्ही जाणतो.

मशीन सुरू करण्याआधी तुम्ही रुग्णाकडून श्वास रोखण्याची तालीम करून घेता. श्वास अर्धवट भरला तर धडधाकट फुफ्फुसही धुरकट दिसतं आणि नसलेली सूज रिपोर्टमध्ये येते. छाती हलली तर बारीक गाठी पुसट होतात. तुमच्या एक मिलिमीटरच्या कापांत (स्कॅनमधल्या पातळ थरांच्या चित्रांत) त्या स्वच्छ दिसतात.

सांगितलं नसलं तरी गरज वाटली की तुम्ही डॉक्टरांना विचारून पालथं झोपवूनही काप घेता. उताणं असताना पाठीकडचा भाग वजनाने दबतो आणि तिथे करडी पट्टी उमटते. पालथं केल्यावर ती गेली तर चिंता नाही. राहिली तर फायब्रोसिसची (फुफ्फुसावर व्रण पडून ते कडक होण्याची) सुरुवात असू शकते, आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस (अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने होणारा आजार) बहुतेकदा इथूनच, खालच्या भागातून, सुरू होतो. कबुतरांच्या विष्ठेमुळे होणाऱ्या हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसमध्ये (फुफ्फुसाला अ‍ॅलर्जीने येणाऱ्या सुजेत) श्वास सोडल्यावरचे काप लागतात, कारण हवा अडकलेले भाग तेव्हाही काळेच राहतात. रुग्णाने खरंच श्वास सोडला का, हे तुम्ही श्वासनलिकेच्या आत वाकलेल्या मागच्या भिंतीवरून पाहता. वाकली नसेल तर पुन्हा घेता. गर्दीच्या दिवशीही!

सगळ्यात मोठं काम मात्र तुमच्या एका प्रश्नाचं आहे, 'काम काय करता?' चिठ्ठीवर नुसतं 'खोकला, दम' असतं. तुम्ही खाली लिहिता, 'ग्रॅनाइट कटिंग, पाणी न मारता.' सिलिकोसिसच्या, म्हणजे दगडाच्या धुळीने होणाऱ्या आजाराच्या, गाठी फुफ्फुसाच्या वरच्या भागात जास्त असतात, टीबीही बहुधा तिथेच. धुळीचा उल्लेख नसला की थुंकीत जंतू न सापडताही टीबीच्या गोळ्या सुरू होतात. उलट सिलिकोसिसच्या रुग्णाला टीबीचा धोका जास्त, म्हणून सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) टाळून चालत नाही. कायद्याप्रमाणे सिलिकोसिस सरकारला कळवावा लागतो. कामाची नोंदच नसेल तर कामगार भरपाई कशाच्या आधारावर मागणार?

एक विनंती आहे. तुमची ती ओळ छापील रिपोर्टमध्येही यावी, असं सेंटरला सांगा. आम्ही यापुढे चिठ्ठीवरच कामाचं स्वरूप, किती वर्षं आणि कोरडं की ओलं, हे लिहून पाठवू.

आपले कृतज्ञ,
ठाणे-नवी मुंबईतील छातीविकारतज्ज्ञ