रक्त तपासलंस का

सोनू,

सकाळी तुझा मेसेज वाचला, थोडी कणकण आहे, काळजी करू नका. बरं, नाही करत. पण रक्त तपासलंस का? मेळघाटात मलेरिया असतोय, नुसत्या गोळ्या खाऊन ताप दाबू नको.

परवा स्टँडवर बोललो ते डोक्यातनं जाईना, लूमवर धागा तुटलेला पण कळंना. लोकांच्या घरात डोकावून कसली डिग्री मिळते, असं म्हणायला नको होतं. रात्री तुझी जुनी वही काढली, तुझं अक्षर बघावं म्हणून. त्यात इरावती कर्वे निघाल्या, माणसांच्या चालीरीती अन् नाती अभ्यासणाऱ्या, तुमच्या मानववंशशास्त्रातल्या. 1928 ला बाई बर्लिनला गेल्या, तिथल्या फिशर प्रोफेसरचं म्हणणं गोऱ्यांच्या कवटीची ठेवणच वेगळी म्हणून अक्कल जास्त. बाईंनी कवट्या मोजल्या अन् त्याच्याच हाताखाली राहून लिहून दिलं, असा काही फरक दिसत नाही. मला मालकापुढं मजुरी वाढवा म्हणताना घाम फुटतो! आणि त्यांचं जर्मनीला जाणं सासऱ्यांना, म्हणजे महर्षी कर्व्यांना, पटलं नव्हतं. बायकांसाठी विद्यापीठ काढलेला माणूस तो, मग मी कोण... असो, चुकलंच माझं.

पण रात्री अंगावर पूर्ण बाह्या घालत जा. मच्छरदाणी खोचून झोप. झालं, लागलो परत.

नात्यांचं पान दोनदा वाचलं. उत्तरेत पोरगी लांब अनोळखी घरात द्यायची, दक्षिणेत मामा-भाचीचं पण लग्न लागतं, अन् आपण मधले, मामाची पोरगी चालती, आत्याची नको. देशभरची नाती बाईंनी 1953 च्या पुस्तकात अशी मांडली म्हणे. आपल्याला गल्लीच पुरली असती की! शेजारच्या पद्मशाली काकूंच्या अक्काचं लग्न आठवतं? तू सात वर्षांची, भर मांडवात ओरडलीस, "मामाशीच लग्न?" मम्मीनं चिमटा काढला, मी गप्प बस म्हणालो. काकू हसून म्हणाल्या, पोरगी घरातच राहिली की. मला ते विचित्र वाटलेलं, काल वही वाचताना पटलं, सासरी परकं वाटायचा प्रश्नच नाही. विचारायचं तुला तेव्हाच सुचलेलं.

शेंगाचटणी अन् कडक भाकरी पार्सल केलीय, टीमला पण दे.

बाई लोकांची रक्तं तपासत गावोगाव हिंडल्या, तू स्वतःचा एक थेंब दे. आशाताईकडं किट असतंय, बोटाला टोचलं की थोड्या वेळात कळतं. रेंज नसली तर त्यांच्या फोनवरनं नुसता मिस कॉल दे, मी रात्रपाळीला जागाच आहे.

पप्पा