तारीख बघून घ्या म्हणे!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला क्लिअरन्सच्या खरेदीवरचा लेख वाचला. लेखिकाबाईंच्या उत्साहाचे कौतुक आहे. किराण्याचा खर्च निम्म्यावर आणायचा तर दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातली सवलतीची ट्रॉली गाठा, पिवळे स्टिकर हेरा, आणि शेवटी जाता जाता ‘मुदत संपण्याची तारीख तेवढी बघून घ्या’. हे शेवटचे वाक्य लिहिण्याआधी त्यांनी त्या ट्रॉलीतले एखादे पाकीट हातात धरले होते का, एवढेच मला विचारायचे आहे. लेखाखालीच एका साखळी दुकानाच्या ‘महाबचत’ची पाव पान जाहिरात होती. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.

गैरसमज नको. मी स्वतः त्या ट्रॉलीची जुनी गिऱ्हाईक आहे आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. गणपती गेले की उकडीच्या मोदकांचे पीठ, दिवाळी सरली की चिवड्याचा मसाला आणि सुक्यामेव्याचे डबे, संक्रांतीनंतर तिळाच्या वड्या, हे सगळे मी त्या-त्या वेळी पडेल भावात उचलते. सुक्यामेव्याच्या डब्याला जरासा पोचा आला म्हणून आतल्या मेव्याला काही होत नाही. मात्र पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन कितीही स्वस्त दिसो, मी हात लावत नाही. किंमत अर्धी असली तरी किडे पूर्ण असतात. शेंगदाणे, तीळ, ओट्स हेही लवकर खवटतात. या गोष्टी लेखात यायला हव्या होत्या. तिथे ‘स्मार्ट गृहिणी’चे फोटो होते.

आता गेल्या कार्तिकीची गोष्ट. नवरात्र सरले की उपवासाचा उरलेला माल ट्रॉलीत येतो, हे मला माहीत आहे. सासूबाईंना एकादशीला थालीपीठ लागते, म्हणून उपवासाच्या भाजणीचे अर्ध्या किलोचे पाकीट घेतले. वर ‘५० टक्के सूट’. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की तारीख, बॅच क्रमांक आणि किंमत वरच्या पट्टीवर पाहा. वरच्या पट्टीवर पाहिले तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळा स्टिकर! तिथेच नखाने उचकटायला गेले तर तिथला मुलगा म्हणाला, “मावशी, स्टिकर काढू नका, बिलिंगला स्कॅन होणार नाही.” आजूबाजूच्या पाकिटांवरही स्टिकर तिथेच. मुलाने खात्रीने सांगितले, “डेट आहे मावशी, डेट गेलेला माल आम्ही ठेवतच नाही.”

घरी आल्यावर स्टिकर हळूच सोलला. या पाकिटांवरची तारीख बारीक काळ्या ठिपक्यांची असते, ओल्या बोटाने पुसली तरी जाते. ती आख्खी तारीख पाकिटावरून उठली आणि स्टिकरच्या चिकट बाजूला जाऊन बसली, उलटी. शेवटी बेसिनवरच्या आरशासमोर धरून वाचली. मुदत दसऱ्याच्या आधीच संपली होती. पाकीट उघडले तर वास खवट.

नवरात्र, एकादशी आली की अन्न व औषध प्रशासन बजावते, भगरीचे पीठ जुने घेऊ नका, सुटे घेऊ नका, पाकिटावरची तारीख पाहा. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपणच छापता. उपवासाच्या भाजणीत वरी, म्हणजे भगरच, असते हे मी आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या सासूबाईंचे वय चौऱ्याऐंशी.

दुसऱ्या दिवशी पाकीट, बिल आणि तो स्टिकर घेऊन गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “क्लिअरन्सचा माल रिटर्न होत नाही, सिस्टीम घेतच नाही.” मग मॅनेजर आले. त्यांचा सूर गोड. “मॅडम, तुम्ही बघून घ्यायला हवं होतं ना.” मी म्हटले, “कुठून बघू?” त्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. पट्टी कोरी! मग म्हणतात, “यावर तर डेटच नाहीये. आणि हा स्टिकर याच पाकिटाचा कशावरून?” म्हणजे तारीख त्यांनी झाकायची, त्यांच्याच गोंदाने ती उपटायची, आणि पुरावा मी आणायचा. स्टिकर तिथेच का लावता, तर म्हणे जुना बारकोड झाकावा लागतो. बारकोड पाकिटाच्या पाठीवर, खाली, सगळ्यांना दिसेल असा उघडा होता. तो दाखवल्यावर त्यांनी मला पुढच्या ९९९ रुपयांच्या खरेदीवर ५० रुपयांचे कूपन देऊ केले. ते मी टेबलावर ठेवून आले.

नियम नाही म्हणावे तर तेही नाही. आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंबाबतच्या वैधमापन शास्त्राच्या २०११ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की एमआरपी कमी केली तर नव्या किमतीचा स्टिकर लावता येतो, पण उत्पादकाने छापलेली एमआरपी त्याने झाकली जाता कामा नये. छापील किंमतसुद्धा झाकायची नाही असे जिथे बंधन आहे, तिथे खाण्याच्या वस्तूची शेवटची तारीख झाकणे कुठल्या नियमात बसते ते कुणीतरी सांगावे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑनलाइन किराणा विकणाऱ्यांना बजावले की गिऱ्हाइकाच्या हाती माल पडेल तेव्हा मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. उत्तम. फोनवरून मागवणाऱ्याला पंचेचाळीस दिवस, आणि पिशवी घेऊन चालत जाणारीला आरसा!

सूट तरी खरी असते का? लेखिकाबाई म्हणतात ‘२५ टक्के म्हणजे २५ टक्के’. पंचवीस टक्के कशावर? एमआरपी १४० ची वस्तू तेच दुकान रोज पुढच्या रॅकवर ११९ ला विकते. तीच मागच्या ट्रॉलीत २५ टक्के कमी करून १०५ ला. पाटी ओरडते ३५ रुपये वाचले, खरे वाचतात १४. बिस्किटांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला १८ टक्क्यांवरून ५ वर आला, पण त्यानंतरही आमच्याकडच्या ट्रॉलीत सूट जुन्या एमआरपीवरूनच मोजलेली होती. पाकिटावर दर ग्रॅमला किंवा किलोला किती पडते तेही हल्ली छापावे लागते. तो आकडा कुठे असतो? वरच्या पट्टीवर, किमतीच्या शेजारी. पुढचे मी सांगत नाही.

राहता राहिली ही लेखातली ‘नवी बचत संस्कृती’. नवी कसली? नाशिकला गोदाकाठी बुधवारच्या बाजारात अंधार पडायला लागला की वाटे लागतात, दहाला मेथी, दहाला वांगी, घेऊन टाका. ती भाजी दिवसभर उन्हात होती हे बाईही सांगते आणि भाजीही. माझ्या माहेरी ठाण्याला मुंबई ग्राहक पंचायतीचा संघ होता. महिन्याचा माल एकाच्या घरी उतरायचा, सगळ्या बायका मिळून वाटून घ्यायच्या, आणि एखादी वस्तू खराब निघाली तर त्यावर चांगली दोन दिवस चर्चा चालायची. पंचायत १९७५ ची. तेव्हा स्मार्ट शॉपर हा प्रकार नव्हता, तरी घरे चालत होती.

पत्र लांबले, पण एक राहिलेच. बिल करताना मोबाइल नंबर का लागतो? दूध आणि कोथिंबीर घेतली तरी “नंबर सांगा मॅडम”. नाही म्हटले तर “नंबराशिवाय बिल निघत नाही”. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितले आहे की बिलासाठी नंबराची सक्ती करू नका. मी ते काउंटरवर सांगते तेव्हा मागच्या रांगेतली माणसेच माझ्यावर वैतागतात. भाजणीच्या दिवशी मात्र घाईत नंबर दिला गेला. तेव्हापासून रोज सकाळी संदेश येतो, ‘खास तुमच्यासाठी, आज क्लिअरन्स’.

आपल्याला विनंती एवढीच की पुढचा लेख छापण्याआधी आपल्या प्रतिनिधीला कॅमेरा देऊन एकदा त्या ट्रॉलीपाशी पाठवा. कुठल्याही शहरातली, कुठल्याही साखळीची चालेल. दहा पाकिटे उचलायची आणि किती पाकिटांवरची तारीख स्टिकर न काढता वाचता येते, तेवढेच छापायचे. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, मी तक्रार नोंदवली आहे. स्टिकर एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला आहे, आपल्या प्रतिनिधीला पाहायचा असेल तर दाखवीन. आरसा आमच्याकडे आहे.

आपली नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक

(नाव छापू नये. आसपास दुसरे दुकान नाही, आणि दिवाळीनंतर ट्रॉलीत सुकामेवा येतो.)